मापाच्या वहीतली रोपं

"बाई, झाडांना गुदगुल्या होतात का?"

प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो माझा नव्हता. तो शिडीचा आणि रेडिओचा होता. शिडी म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, आणि रेडिओ म्हणजे जिला बोलण्याच्या नादात श्वास घ्यायचीही आठवण राहत नाही ती. दोघी माझ्या जिवलग मैत्रिणी. मधल्या सुट्टीत रेडिओ म्हणाली होती, "तू वर्गात एक प्रश्न विचारून दाखव. तोही आम्ही सांगू तो. विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू."

पैज लावण्यासारखीच गोष्ट होती ती. मी बुटकी, म्हणून माझा पहिला बाक कायमचा ठरलेला. पण बाईंच्या नाकासमोर बसूनही मी आठ वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. हजेरीला मी इतकं हळू "हजर" म्हणायचे, की दोनदा समोर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली होती.

तर, विचारला. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "कुठे, काखेत का?" असं ओरडलं आणि पुन्हा हशा. माझे कान तापले. पण खरं सांगू? मजा आली.

विज्ञानाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि परत लावला. प्रश्न आवडला की त्या असं करतात.

"तू बोलतेस?" त्यांनी मला विचारलं.

"आजपासून," मी म्हणाले. हे कुठून सुचलं, देव जाणे.

"छान. मग आजपासून कामालाही लाग. उत्तर मला थोडंफार माहीत आहे, पण मी सांगणार नाही. दोन ट्रे घे, टोमॅटो लाव. एकातल्या रोपांना रोज गुदगुल्या कर, दुसऱ्याला हात लावू नकोस. बाकी माती, पाणी, ऊन सगळं सारखं. पाच आठवड्यांनी दोन्ही ट्रे घेऊन ये आणि काय दिसलं ते वर्गाला सांग."

"वर्गाला? मी?"

"तुझ्याशिवाय कुणी विचारलंय का?"

शिडीने माझं दप्तर उचललं, रेडिओने डबा. घरापर्यंत मी राणीसारखी चालत गेले.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. बाबा शिंपी आहेत. मी शिंप्याची मुलगी आणि लहानपणापासून लहान, त्यामुळे मला 'बटण' हे नाव पडायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. आई औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईकाने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, की ती न अडखळता वाचते. असं अक्षर वाचणारी आमच्या अख्ख्या रस्त्यात ती एकटीच.

दोघांचंही माझ्यावर फार प्रेम आहे, आणि ते प्रेम महिन्यातून एकदा इंचांत मोजलं जातं. दर पहिल्या तारखेला. मी सहा वर्षांची असल्यापासून. दुकानात गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची एक छोटी खोली आहे, तिच्या चौकटीला पाठ लावून मी अनवाणी उभी राहते. बाबा लाकडी फूटपट्टी माझ्या डोक्यावर आडवी ठेवतात, पेन्सिलीने रेघ मारतात आणि टेपने मोजतात. आई हात पुसत मागच्या दारात उभी असते. खाली खाली रेघा सुट्यासुट्या आहेत, वरही त्या तशाच जायला हव्या होत्या. पण वर येता येता रेघा एकमेकींना अशा चिकटल्यात, की बससाठी लागलेली रांग वाटावी.

डॉक्टरांनी मला दोनदा तपासून सांगितलंय, पोरगी ठणठणीत आहे, आत्यावर गेली आहे, बस. माझी आत्या स्टुलावर चढून घराचे दिवे लावते आणि घर गाजवते. पण आईबाबांना ते पटलंय असं दिसत नाही. आई दर महिन्याला नवी टॉनिकची बाटली आणते. बाबा शाळेचा स्कर्ट 'वाढत्या अंगाचा' शिवतात, म्हणजे खाली चार बोटं कापड दुमडून आत टीप घालतात. मी वाढले की टीप उसवायची. गेल्या तीन वर्षांत तीन स्कर्ट झिजले. टीप एकाचीही उसवली नाही. ती जाड दुमड पायांवर आपटत राहते, आणि मी चालताना घंटा चालल्यासारखी दिसते. हे निरीक्षण रेडिओचं.

त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्सिलीची रेघ बरोब्बर जुन्या रेघेवर पडली. सलग तिसऱ्यांदा.

"पेन्सिल बोथट झालीय," बाबा म्हणाले.

"मग टोक काढा ना," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कुणाचीतरी बाही उसवायला बसले. ती बाही उसवायची नव्हतीच, हे त्यांना अर्ध्या तासाने कळलं.

माझे ट्रे आले ते त्याच आठवड्यात. दुकानाच्या खिडकीत सकाळचं ऊन छान येतं. तिथे बाबांनी त्यांची कापड ठेवायची फळी मोकळी करून दिली. ट्रेच्या बुडाला पाणी जायला भोकं त्यांनीच गरम सुईने पाडली. एकेका ट्रेमध्ये बारा रोपं. एकावर मी चिठ्ठी लावली 'गुदगुल्या', दुसऱ्यावर 'साधा'. पाच रोपं उरली, ती टाकवेनात, म्हणून बिस्किटांच्या डब्यात लावली आणि दोऱ्यांच्या मांडणीवरच्या उंच झरोक्यात ठेवली. भिंत तीच, ऊन तेच, फक्त जागा उंच. तिथे बाबांचाही हात पोचत नाही. मी स्टुलावर चढून, आतलं दिसत नसलं तरी, लांब तोटीच्या झारीने अंदाजाने पाणी घालायचे आणि उतरायचे.

गुदगुल्यांसाठी बाबांनी मखमलीची एक चिंधी दिली. शाळेत जाण्याआधी दहा वेळा, आल्यावर दहा वेळा, रोपांच्या शेंड्यांवरून चिंधी अलगद फिरवायची. सुरुवातीला मी मनातल्या मनात मोजायचे. मग मोठ्याने. मग गप्पाच मारायला लागले. "काय गं चार नंबर, झोप झाली का? नऊ नंबर, सरळ उभी राहा, पाहुणे बघतायत!" कपडे टाकायला आलेल्या बायका बाबांना विचारायच्या, "हिला कधीपासून बोलता येतं?"

"पंधरा दिवस झाले," बाबा गंभीरपणे सांगायचे. "आता गॅरंटी संपेपर्यंत थांबणार नाही."

पाचवा आठवडा लागला आणि माझा चेहरा पडला. दोन्ही ट्रे सारखे! 'गुदगुल्या' बुटका, 'साधा'ही बुटका. दोन्हीकडची रोपं चार-चार बोटं, खोड जाडजूड, पानं गडद. म्हणजे मी पाच आठवडे मखमल फिरवली आणि रोपांना त्याचं सोयर ना सुतक. वर्गापुढे उभी राहून मी काय सांगणार होते? कुणाला काहीच वाटलं नाही, हे?

मग आठवलं, झरोक्यातल्या डब्यातही पाच आहेत. तीही घेऊन जाऊ. मी स्टुलावर चढले, डबा खाली काढला आणि बघतच राहिले. ती पाचही रोपं वीतभर उंच होती. लांबसडक, फिकट, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकलेली. कोवळ्या शेंड्यांवर मावाही चिकटला होता, ते हिरवे बारीक किडे असतात ना, रस पिणारे, ते. माझ्या ट्रेमध्ये शोधूनही चार-पाचच सापडले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. आता मला बाईंना गाठायला काही वाटत नाही.

"तीच माती? तेच पाणी? तेच ऊन?" त्यांनी विचारलं.

"तेच, बाई. शप्पथ."

"मग 'साधा' ट्रेला कुणाचातरी हात लागतोय."

"कुणाचा लागणार? मी तर हातही लावत नाही."

"मी तुझं म्हणतच नाहीये," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. मी दुकानाच्या काचेशी आले आणि आत बघितलं तर माझे बाबा, ज्यांच्याकडे सुटाबुटातली माणसं हात वर करून मुकाट उभी राहतात ते माझे बाबा, फळीपुढे वाकले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. दोन बोटांनी त्यांनी 'साधा' ट्रेमधल्या एका रोपाचा शेंडा धरून सरळ केला, टेप लावला, ओठ हलवत आकडा म्हटला, वहीत लिहिला, आणि मग त्या रोपाला टपली मारली. हळूच. गिऱ्हाइकाचा कोट बरोबर बसला की पाठीवर मारतात तशी. मग पुढचं रोप.

"बाबा!"

त्यांच्या हातातून टेप सुटला.

"मी कुठे गुदगुल्या केल्या?" ते म्हणाले. मी अजून काही विचारलंही नव्हतं! "मी फक्त माप घेतलं."

"रोज?"

"तुला शेवटी आकडे लागतील म्हटलं."

"बारा रोपांचं? रोज? शेंडा धरून? बाबा, त्याला हात लावायचा नव्हता! तेवढं एकच करायचं नव्हतं!"

ते स्टुलावर बसले. गळ्यात टेप नसला की बाबा एकदम लहान दिसतात.

"त्या ट्रेशी तू दोन वेळा बोलतेस," ते म्हणाले, "आणि ह्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला ते बघवेना."

आता यावर काय रागवायचं? तुम्हीच सांगा. मी खूप प्रयत्न केला. पाय आपटला, तर स्कर्टची दुमड आपटली आणि मला हसूच आलं. मग ते हसले. मग मी त्यांची वही ओढून घेतली, कारण चुकून का होईना, आकडे होते आणि मला ते हवे होते.

बाबांच्या मापाच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. खांदा, छाती, कंबर, बाही, आणि 'डावा खांदा किंचित खाली' असल्या नोंदी. त्यात आता 'रोप १' ते 'रोप १२' होते, तारखांसकट. रोप पाच: 'उजवीकडे झुकतं, खिडकीकडे वळवलं.' रोप अकरा: 'मंद आहे, पण चिवट.' मी पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. वर लिहिलं होतं 'बटण'.

आठ वर्षांच्या पहिल्या तारखा. 'नवीन दात.' 'तापातून उठली, तरी पाव इंच!' 'आज उभी राहायला कुरकुर.' आणि मग शेवटचे तीन महिने. चौकटीवर तिन्ही रेघा एकावर एक होत्या, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार फूट सात. वहीत मात्र लिहिलं होतं, चार फूट सव्वासात. चार फूट साडेसात. चार फूट पावणेआठ.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आपल्या नखाकडे.

माझे बाबा खोटं माप लिहीत नाहीत. पोट सुटलेली माणसं 'बत्तीसच लिहा' म्हणून हातापाया पडतात, तरी ते छत्तीस लिहितात. आणि माझ्या पानावर त्यांनी तीन महिने खोटं लिहिलं होतं.

"आई वही बघते," ते अगदी हळू म्हणाले. "महिनाभर तिला झोप लागत नाही नाहीतर."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी टेप उचलला आणि गुंडाळत बसले, गुंडाळून झाला तरी.

शुक्रवारी आम्ही तिघी रोपं घेऊन शाळेत निघालो. 'गुदगुल्या' माझ्याकडे, 'साधा' रेडिओकडे, डबा शिडीकडे. पुलावर आलो आणि असा वारा सुटला, की रेडिओ चक्क गप्प झाली. पलीकडे पोचून बघितलं तर ट्रेमधली रोपं थरथरून परत जशीच्या तशी उभी. डब्यातली पाचही आडवी, एक तर मधूनच मोडलेलं.

शिडी त्या मोडक्या रोपाला बोटाचा टेकू देत म्हणाली, "बिचारी. माझ्यासारखीच आहे गं. घरी मला रोज म्हणतात, अजून किती वाढणार आहेस, बस की आता. म्हणून मी वाकून चालते."

मला हे माहीतच नव्हतं! मला वाटायचं शिडीच्या घरी पहिल्या तारखेला पेढे... म्हणजे निदान टाळ्या तरी वाजवत असतील. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मी मान वर करून, ती मान खाली घालून. "सरळ चाल," मी म्हणाले, "नाहीतर वाऱ्यात मोडशील." तिने मला धपाटा घातला, पण सरळ चालली.

वर्गात मी सगळं सांगितलं. मखमल, झरोका, मावा, पूल. बाबांची टपलीसुद्धा. वर्ग हसला, पण मी थांबले, त्यांचं हसून होऊ दिलं आणि पुढे बोलले. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण 'काखेत का' वाल्याने हात वर करून प्रश्न विचारला.

मग बाई उठल्या. "रोप हललं, दबलं, की त्याला ते कळतं," त्या म्हणाल्या. "हात आहे की वारा, की वर किडा चढलाय, हे त्याला ठाऊक नसतं. ते तयारीला लागतं. उंचीचं काम मागे ठेवतं आणि खोड जाड करायचं काम काढतं. काही झाडं किड्यांना न मानवणारा रसही पानांत वाढवतात. पळून तर जाता येत नाही ना त्यांना. आता हिच्याकडे मावा कमी होता तो त्यामुळेच, असं लगेच म्हणू नका. एकदा दिसलंय. वहीत लिहा, पुन्हा करून बघा."

"पण बाई," मी विचारलं, "प्रेमाने हात लावला तरी?"

"प्रेम त्याला कुठे कळतंय? त्याला हलणं कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि माणसांचं असं नसतं हं. आधीच सांगून ठेवते."

ते मला माहीत आहे. मोजल्यामुळे माझी उंची खुंटलेली नाही, मी आत्यावर गेले आहे. पण महिन्याची पहिली तारीख जवळ आली, की मी आठवडाभर आधीपासून मान ताणून चालते. आई बाटली हलवते. बाबा खोटं लिहितात. तिघंही आपापल्या जागी घट्ट होऊन उभे असतो, वारा यायचा असल्यासारखे.

संध्याकाळी मी दोन्ही ट्रे परत फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. बाबांनी पेन्सिलीला टोक काढून ती चौकटीपाशी ठेवलीही होती. आई कामावरून आली, पिशवीतून नवी बाटली काढली आणि चमचा शोधायला लागली. मी कापायच्या टेबलाजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. आत्या चढते तशी.

"अगं पडशील," आई म्हणाली.

"पडणार नाही. आई, बाबा, बसा. मी एक ठरवलंय."

दोघं खरंच बसली. आईच्या हातात चमचा तसाच.

"उद्या मी चौकटीला उभी राहणार नाही. परवाही नाही. मला वाटेल तेव्हा मीच टेप घेऊन येईन."

"पण सोन्या..." आईने सुरुवात केली.

"थांब ना आई, माझं संपलं नाही. तू काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, तुला ते जमणार नाही. पण मला बघून कर, वही बघून नको."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा नखाकडे बघायला लागले.

"मला माहीत आहे हो," आई त्यांना म्हणाली. "चौकट रोज मीच पुसते. रेघा मला दिसत नाहीत का?"

बाबांनी इतक्या झटक्यात मान वर केली, की मला स्टुलावरून उतरून दोघांनाही मिठी मारावीशी वाटली. पण उतरले असते तर रडले असते, आणि मला अजून बोलायचं होतं.

"टॉनिक मी संपवीन, कारण ते गोड आहे. पुढची बाटली आणायची नाही. आणि बाबा, हा स्कर्ट." मी दुमड हातात धरून दाखवली. "ही चार बोटं कापा. नुसती दुमडू नका, कापा."

"कापलेलं कापड परत जोडता येत नाही गं," बाबा म्हणाले.

"मग मी वाढले की नवा शिवा. सोमवारी मला आजच्या मापाचा स्कर्ट घालून जायचंय. आणि पहिल्या तारखेला तुमचे हात शिवशिवले, तर 'साधा' ट्रे तुमचा. त्याला खुशाल रोज मोजा, टपल्या मारा. त्याला मानवतंय ते."

मग मी खाली उतरले, फळीवरून वही उचलली, 'बटण' लिहिलेलं पान उघडलं आणि टोक काढलेली पेन्सिल बाबांच्या हातात दिली.

"मी चार फूट सात इंच आहे. तेवढंच लिहा, आणि खाली रेघ मारा."